शर्यतीच्या सिम्युलेटरसाठी बेताच्या खर्चातला संगणक : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मोटार-शर्यतीच्या सिम्युलेटरसाठी संगणक कसा जुळवावा, याविषयी या सदराकडे आलेली पत्रे आता एका अंकात मावणार नाहीत इतकी झाली आहेत. त्यांतले जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते येथे घेतले आहेत. सुट्या भागांचे भाव आठवड्यागणिक बदलत असल्यामुळे उत्तरांत किमती देण्याचे टाळले आहे. कशावर आधी खर्च करावा आणि कशावर मागाहून केला तरी चालेल, एवढे मात्र स्पष्टपणे सांगितले आहे.

प्रश्न : मी सांगलीत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. संगणक आणि स्टिअरिंग व्हील मिळून ७५ हजार रुपये खर्च करायला घरून परवानगी मिळाली आहे. २४ इंची, १०८०पी (१९२० बाय १०८० ठिपक्यांचा), ७५ हर्ट्झचा (सेकंदाला ७५ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर घरात आहे. ‘असेटो कोर्सा’ आणि ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’ हे दोन सिम्युलेटर मला चालवायचे आहेत. दुकानदाराने दिलेल्या यादीत सर्वांत मोठी रक्कम ग्राफिक्स कार्डाची आहे, प्रोसेसर चार कोअरचा (स्वतंत्र गाभ्यांचा) आहे आणि एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) पुढे नुसते ‘६०० वॅट’ असे लिहिले आहे. ही यादी घ्यावी का?

उत्तर : या स्वरूपात घेऊ नये. दुकानदाराचा हेतू वाईट असेल असे नाही. त्याच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक गोळीबाराचे किंवा मोकळ्या जगातले खेळ खेळणारे असतात आणि त्यांच्यासाठी कार्डावर भर देणे रास्तच असते. शर्यतीच्या सिम्युलेटरचा भार मात्र वेगळ्या ठिकाणी पडतो.

असेटो कोर्सामध्ये गाडीचे भौतिक गणित सेकंदाला ३३३ वेळा मांडले जाते, आयरेसिंग या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये ३६० वेळा. प्रत्येक टायरवर किती भार आला, तो किती घसरतो आहे, सस्पेन्शन किती दबले, आणि त्यातून स्टिअरिंगच्या मोटरला किती जोर द्यायचा, हे सगळे प्रोसेसर करतो. पुढच्या पायरीचे गणित मागच्या पायरीच्या उत्तरावर अवलंबून असल्यामुळे हे काम अनेक कोअरमध्ये सहज वाटता येत नाही. त्यात समोर संगणकाने चालवलेल्या वीस गाड्या असतील, तर त्यांचाही हिशेब प्रोसेसरलाच ठेवावा लागतो. म्हणून येथे कोअर किती यापेक्षा एक कोअर किती वेगाने काम करतो आणि प्रोसेसरच्या पोटातली, हाताशी असलेली वेगवान कॅशे मेमरी किती मोठी आहे, याला जास्त महत्त्व आहे.

चित्र सुंदर दिसण्यापेक्षा ते अखंड आणि एकसारख्या गतीने येणे चालकाला का हवे असते, ते आकड्यांत पाहा. इटलीतल्या मोंझा ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर गाडी ताशी २५० किलोमीटरने धावत असेल, तर ती सेकंदाला सुमारे ६९ मीटर कापते. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे येत असतील, तर दोन चित्रांच्या दरम्यान गाडी १.१५ मीटर पुढे सरकते. पहिल्या शिकेनपाशी (वेग कमी करायला लावणाऱ्या नागमोडी वळणापाशी) सगळ्या गाड्या एकत्र आल्या आणि चित्रे ३० वर घसरली, तर हेच अंतर २.३ मीटर होते. ब्रेक कुठे लावायचा हे आपण डोळ्यांनी ठरवतो. आणि डोळ्यांना मिळणारी माहिती नेमकी त्याच क्षणी विरळ होते. सरासरी ११० दाखवणारा पण गर्दीत ३५ वर येणारा संगणक शर्यतीला कमी उपयोगाचा. सतत ७५ देणारा संगणक त्याहून कितीतरी बरा.

आता यादी. सर्वांत आधी २० ते २५ हजार रुपये व्हील आणि पेडलसाठी बाजूला काढून ठेवावेत आणि त्यांना हात लावू नये. उरलेल्या पन्नासेक हजारांत ‘डबा’ उभा करायचा आहे. प्रोसेसर म्हणून एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा कोअर आय५-१२४००एफ, या दोहोंपैकी जो त्या आठवड्यात स्वस्त पडेल तो घ्यावा. दोन्हींत सहा कोअर आणि बारा थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे धागे) आहेत. येथे एक सावधगिरी बाळगावी : रायझन ५ ५५०० हा नावाने अगदी जवळचा आणि थोडा स्वस्त असतो, पण त्याची एल३ कॅशे १६ एमबी आहे आणि ५६००ची ३२ एमबी. शिवाय ५५०० हा पीसीआयई ३.० वरच, म्हणजे ग्राफिक्स कार्डाशी जोडणाऱ्या मार्गाच्या जुन्या पिढीवरच थांबतो. एरवी हा फरक दुर्लक्षिता आला असता. सिम्युलेटरमध्ये तो जाणवतो. आपल्या यादीतला चार कोअरचा प्रोसेसर कोअर आय३-१२१००एफ असेल, तर तो तसा टाकाऊ नाही, कारण त्याचा एकेक कोअर चांगला वेगवान आहे आणि जुना असेटो कोर्सा त्यावर उत्तम चालेल. पण तीस गाड्यांची शर्यत, जोडीला मित्रांशी बोलण्याचे डिस्कॉर्ड आणि गाडीची आकडेवारी नोंदवणारे टेलिमेट्रीचे ॲप असा संसार थाटला की त्याची दमछाक होईल.

कॅशेचे महत्त्व किती, हे एएमडीच्या एक्स३डी मालिकेने दाखवून दिले. २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी एल३ कॅशे होती आणि सिम-रेसिंग करणाऱ्यांत तो लगेच लोकप्रिय झाला. तो आता नवा मिळणे अवघड आहे. पण त्याच सॉकेटचा (प्रोसेसर बसण्याच्या जागेचा) मदरबोर्ड आपल्याकडे असेल आणि पुढे कधी एखादा ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी सेकंडहँड हाती लागला, तर मदरबोर्ड आणि रॅम न बदलता संगणकाला दुसरा जन्म मिळेल. ही शक्यता लक्षात घेऊन, दोन्ही प्रोसेसरांचे भाव सारखेच असतील तर, मी आपल्याला रायझन, म्हणजे हेच एएम४ सॉकेट, आणि बी५५० मदरबोर्ड सुचवीन. बजेट आणखी पंधरा-वीस हजारांनी मोठे असते, तर नवे एएम५ सॉकेट आणि रायझन ५ ७६०० यांचा सल्ला दिला असता. पण त्याला नव्या प्रकारची डीडीआर५ रॅम लागते, आणि २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव इतके चढले आहेत की कमी बजेटमध्ये ती उडी झेपणारी नाही. एएम४ला लागणारी जुनी डीडीआर४ देखील महागली आहे, मात्र ती जुन्या संगणकातून काढलेली, तपासून घेतलेली चालते. एकूण १६ जीबी पुरे, पण ८ जीबीच्या दोन कांड्या घ्याव्यात, १६ची एक नव्हे. दोन कांड्यांमुळे प्रोसेसरला मेमरीकडे जाणारे दोन रस्ते मिळतात.

ग्राफिक्स कार्ड १०८०पी मॉनिटरसाठी आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ३०६० या वर्गातले पुरते. आरएक्स ६६०० जेमतेम १३२ वॅट खाते, हा त्याचा मोठा गुण आहे. इंटेलचे आर्क बी५८० हे १२ जीबी मेमरीचे कार्ड किमतीच्या मानाने आकर्षक दिसते. परंतु त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) प्रोसेसरवर जास्त काम टाकतो, आणि आपल्याकडे प्रोसेसरच मध्यम ताकदीचा असल्यामुळे या यादीत ते बसत नाही. सेकंडहँड कार्ड घेण्यास हरकत नाही, मात्र ते विकणाऱ्याच्या संगणकावर, आपल्या डोळ्यांसमोर अर्धा तास पूर्ण भाराखाली चालवून, तापमान आणि पंख्यांचा आवाज पाहूनच पैसे मोजावेत.

राहिला एसएमपीएस. नुसते ‘६०० वॅट’ याला काहीही अर्थ नाही. कंपनी आणि मॉडेल लिहून घ्या. ८० प्लस ब्राँझ प्रमाणपत्राचा, चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस या संगणकाला पुरून उरेल. बिल नसलेल्या, वजनाला हलक्या एसएमपीएसमध्ये वाचवलेले हजार-दीड हजार रुपये पुढे मदरबोर्ड आणि कार्ड दोन्ही घेऊन जाऊ शकतात. ५०० जीबीची किंवा जमल्यास १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (माहिती साठवणारी वेगवान चकती) आणि समोर जाळी असलेले साधे कॅबिनेट एवढे घेतले की यादी पुरी झाली. रंगीत दिवे, काचेचे दार, प्रोसेसर थंड ठेवणारा पाण्याचा कुलर यांपैकी कशाचीही गरज नाही. ५६००बरोबर येणारा कुलर काम निभावतो.

प्रश्न : नाशिकच्या एका कंपनीने लीज संपलेले ऑफिसचे संगणक विकायला काढले आहेत. आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि किंमत फारच कमी. यात ग्राफिक्स कार्ड टाकून सिम्युलेटर चालेल का?

उत्तर : चालू शकेल, पण संगणक उघडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ‘आय५’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. पाठीमागचा आकडा विचारा. आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असेल तरच घ्यावा, कारण विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते.

दुसरी अडचण पेटीच्या आकाराची. चपट्या पेटीत अर्ध्या उंचीचेच कार्ड बसते आणि तशी कार्डे मोजकी आहेत. उभी, पूर्ण आकाराची पेटी असेल तरच व्यवहाराचा विचार करावा. तिसरी आणि खरी अडचण एसएमपीएसची : अशा संगणकांत अनेकदा कंपनीचा स्वतःचा, वेगळ्या आकाराचा आणि वेगळ्या पिनांचा एसएमपीएस असतो, तो बाजारातल्या एसएमपीएसने सहजी बदलता येत नाही आणि ग्राफिक्स कार्डाला लागणारी सहा किंवा आठ पिनांची वायर त्यातून निघत नाही. अशा वेळी मदरबोर्डवरूनच वीज घेणारे, ७५ वॅटच्या आतले कार्ड शोधावे लागते. जीटीएक्स १६५०चे काही प्रकार या अटीत बसतात. सगळे बसत नाहीत, म्हणून वरच्या कडेला पिनांची जागा नसलेले कार्ड पाहून घ्यावे.

एवढी पथ्ये पाळून घेतलेल्या संगणकावर २०१४चा मूळ असेटो कोर्सा १०८०पीवर समाधानकारक चालतो. रॅम मात्र १६ जीबी करावी. कॉम्पेटिझिओने हा अनरिअल इंजिनवर बांधलेला आणि बराच जड आहे, त्याची आशा ठेवू नये. ज्याला हा छंद आपल्याला मानवतो की नाही हेच अजून पाहायचे आहे, त्याच्यासाठी हा मार्ग मला अगदी योग्य वाटतो. वाचलेल्या पैशांतून चांगली पेडल घ्यावीत. संगणक बदलला तरी ती पुढे वर्षानुवर्षे कामी येतात.

प्रश्न : पुण्यात आमच्या मित्रमंडळात वाद सुरू आहे. एक म्हणतो तीन मॉनिटरशिवाय मजा नाही, दुसरा रुंद पडद्याचा मॉनिटर घे म्हणतो, तिसरा म्हणतो घरातला ५५ इंची टीव्ही जोड. माझ्याकडे आरटीएक्स ३०६० आणि २४ इंची मॉनिटर आहे. काय करावे?

उत्तर : पैसे खर्च करण्याआधी मॉनिटर जवळ ओढावा. हे गमतीने म्हणत नाही; या सदरातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक सल्ला हाच आहे.

पडद्यावर दिसणारे जग खरे वाटायचे, तर पडदा डोळ्यांना जेवढा कोन व्यापतो तेवढाच कोन सिम्युलेटरने दाखवला पाहिजे. २४ इंची मॉनिटरची रुंदी सुमारे ५३ सेंटिमीटर असते. तो टेबलाच्या मागच्या कडेला, डोळ्यांपासून ९० सेंटिमीटरवर ठेवला तर आडवा कोन जेमतेम ३३ अंशांचा मिळतो. तोच ६० सेंटिमीटरवर आणला तर ४८ अंशांचा. एक रुपयाही खर्च न करता दृष्टीचे क्षेत्र जवळजवळ दीडपट झाले. त्यासाठी स्टिअरिंगच्या बुंध्याला अगदी लागून मॉनिटर यावा लागतो, आणि मॉनिटरचा मूळ स्टँड तेथे आड येतो. टेबलाला चिमट्याने बसणारा हात घेतला की ती अडचण सुटते. त्यानंतर सिम्युलेटरमध्ये खरा कोन भरावा. असेटो कोर्सा उभा कोन विचारतो, तो ६० सेंटिमीटर अंतरावर २४ इंची पडद्यासाठी सुमारे २८ अंश येतो. २७ इंची असेल तर ३१. आयरेसिंगमध्ये पडद्याची मापे भरली की तो हिशेब आपोआप होतो.

पहिल्या दिवशी हे चित्र फार अरुंद आणि ‘झूम’ केल्यासारखे वाटेल, वेगाची जाणीवही कमी होईल. त्याला घाबरून कोन पुन्हा ७० करू नये. वळण किती अंतरावर आहे आणि किती तीव्र आहे, हे डोळे बरोबर ओळखू लागतात ते याच मापावर, आणि दोन-चार संध्याकाळी सराव केला की ब्रेकच्या जागा आपोआप स्थिरावतात.

आता मित्रांच्या वादाकडे. एका १०८०पी पडद्यावर संगणकाला सुमारे २०.७ लाख ठिपके रंगवावे लागतात. २५६० बाय १०८०च्या रुंद पडद्यावर २७.६ लाख. तीन मॉनिटर लावले की ६२.२ लाख, आणि ५५ इंची टीव्ही ४के असेल तर ८२.९ लाख. आरटीएक्स ३०६०ला रुंद पडदा सहज पेलतो. तीन मॉनिटरचा भार त्याला कसाबसा पेलेल, पण गुणवत्तेला बरीच कात्री लावून, आणि कॉम्पेटिझिओनेमध्ये रात्रीच्या पावसात नक्कीच नाही. तीन २४ इंची मॉनिटर नीट कोनात लावले तर सुमारे १४० अंश दिसतात, शेजारून घुसणारी गाडी खिडकीत दिसते, त्यामुळे त्या मित्राचे म्हणणे तत्त्वतः खरे आहे; आपल्या कार्डाला मात्र ते आज झेपणारे नाही. टीव्हीचा विचार सोडून द्यावा. बऱ्याच टीव्हींमध्ये बटण दाबल्यापासून चित्र बदलेपर्यंत होणारा उशीर मॉनिटरपेक्षा जास्त असतो, गेम मोड चालू करूनही तो पूर्णपणे जातोच असे नाही, आणि स्टिअरिंगला मागची बाजू सुटल्याचे हातांना कळते तेव्हा डोळ्यांना ते अजून दिसलेलेच नसते.

प्रश्न : नागपूरच्या उन्हाळ्यात संगणक तासाभराने आपोआप मंदावतो. ग्राफिक्स कार्ड ८५ अंशांच्या वर जाते. खोलीत कुलर आहे, एसी नाही. शिवाय वीज अधूनमधून जाते. यूपीएस कोणता घ्यावा?

उत्तर : बाहेर ४५ अंश असताना खोलीत ३६-३८ अंश असणारच, आणि कॅबिनेटमध्ये येणारी हवा त्याहून थंड असू शकत नाही, हे आधी मान्य करून चालावे. मग उरतात तीन उपाय. कॅबिनेटच्या पुढे काच किंवा बंद पत्रा असेल तर तो काढून ठेवावा आणि पुढे दोन पंखे आत हवा ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा, अशी मांडणी करावी. दर महिन्याला पंख्यांवरची आणि कार्डाच्या जाळीतली धूळ ब्लोअरने काढावी. ती काढताना पंखा बोटाने धरून ठेवावा, फिरू देऊ नये. आणि सिम्युलेटरमध्ये चित्रांच्या संख्येला मर्यादा घालावी. आपला मॉनिटर ७५ हर्ट्झचा असताना कार्ड १४० चित्रे तयार करत बसले, तर निम्मी मेहनत उष्णतेच्या रूपाने खोलीत सांडते. मर्यादा ७२ किंवा ७५ वर ठेवताच तापमान लक्षणीय उतरेल. ड्रायव्हरमधून कार्डाची वीजमर्यादा दहा-पंधरा टक्क्यांनी कमी केली तरी चित्रांत फारसा फरक पडत नाही.

डेझर्ट कुलरचा झोत थेट कॅबिनेटवर मात्र सोडू नये. त्या हवेत आर्द्रता असते, आणि आर्द्रतेबरोबर बसलेली धूळ चिकट होऊन मग ब्लोअरनेही निघत नाही.

यूपीएसच्या बाबतीत व्हीए आणि वॅट यांची गल्लत होते. ६०० व्हीएचा साधा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. संगणक, मॉनिटर आणि स्टिअरिंगचा ॲडाप्टर मिळून शर्यतीच्या वेळी ३०० वॅटच्या आसपास जातात, म्हणजे तो अगदी काठावर राहील आणि जुन्या बॅटरीवर वीज जाताच संगणकासकट बंद पडेल. १००० किंवा ११०० व्हीएचा घ्यावा. त्याचा उद्देश शर्यत पुरी करणे हा नसून संगणक नीट बंद करण्यापुरती पाच मिनिटे मिळणे हा आहे. घराच्या वायरिंगला अर्थिंग आहे की नाही, हे यूपीएस घेण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. नसेल तर पहिला खर्च तोच.

प्रश्न : मडगावला राहतो. संगणक झाला, आता हाती पंचवीस हजार आहेत. नवे गिअरचे व्हील घ्यावे, की थोडे थांबून डायरेक्ट ड्राइव्ह घ्यावे? आणि हे बसवायचे कशावर? साध्या टेबलावर चालेल का?

उत्तर : थांबण्याचा सल्ला मी देणार नाही. लॉजिटेकचे जी२९ किंवा जी९२३ आणि थ्रस्टमास्टरची त्याच वर्गातली व्हील्स यांवर हजारो लोक शर्यती शिकले आहेत. ९०० अंश फिरणारे चाक, खरा फोर्स फीडबॅक (मोटरने हातांना जाणवून दिलेला जोर) आणि तीन पेडल एवढ्यावर दोन-तीन वर्षे सहज शिकण्यासारखे असते. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोटरच्या दांड्यावर थेट चाक बसते, मध्ये दाते किंवा पट्टा नसतो, त्यामुळे रस्त्याचा बारीकसारीक निरोप हातापर्यंत पोहोचतो. हा फरक खरोखर मोठा आहे, पण त्याचा लाभ घट्ट बैठकीशिवाय मिळत नाही, आणि ती बैठक आपल्याकडे अजून नाही. सेकंडहँड जी२९ घेणार असाल तर ते पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे हळूहळू फिरवून पाहावे. मध्येच कडकड लागली किंवा चाक सोडल्यावर ते स्वतःहून मध्यावर येताना अडखळले, तर दाते झिजले आहेत. ब्रेक पेडल दाबून पडद्यावरचा पट्टा शून्यापासून शंभरपर्यंत थरथर न करता चढतो का, तेही पाहावे. थरथर असेल तर आतला पोटेन्शिओमीटर खराब झाला आहे किंवा त्यात धूळ गेली आहे. तो साफ करता येतो, पण भाव करताना उल्लेख अवश्य करावा.

टेबल जाड आणि जड असेल तर चालते. अडचण खुर्चीची येते. चाकांच्या ऑफिस-खुर्चीत बसून जोरात ब्रेक दाबला की खुर्ची मागे जाते आणि पेडल पुढे, आणि ब्रेक किती दाबला याची पायाला येणारी ओळख दर वेळी वेगळी ठरते. लॅप टाइममधला (एका फेरीला लागणाऱ्या वेळेतला) चढउतार नवशिक्यांना वाटते त्यापेक्षा बराच अधिक येथून येतो. साधी चार पायांची लाकडी खुर्ची घ्यावी, पेडल भिंतीला टेकवावीत, किंवा खुर्ची आणि पेडल एकाच प्लायवूडच्या फळीवर बसवावीत. पुढे जमले तर जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपचा सांगाडा करून घ्यावा आणि त्यावर भंगारवाल्याकडून घेतलेले जुन्या मोटारीचे आसन बसवावे; तयार रिगच्या मानाने हे पुष्कळ स्वस्त पडते आणि त्याहून कमी घट्ट नसते. किनाऱ्याच्या दमट, खाऱ्या हवेत मात्र पाइपला रेड ऑक्साइड आणि रंग लावल्याशिवाय तो घरात आणू नये. त्याच हवेमुळे संगणकही आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नये. पावसाळ्यात रोज थोडा वेळ चालू राहिला की आत ओल धरत नाही.

प्रश्न : ठाण्याहून लिहितो. रायझन ५ ५६००, आरएक्स ६६००, १६ जीबी रॅम. रिकाम्या ट्रॅकवर चित्रे शंभराच्या वर, पण वीस गाड्यांबरोबर सुरुवात केली की पहिल्या वळणापर्यंत सगळे अडखळते. मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे. कार्ड बदलू का?

उत्तर : कार्ड बदलू नये. अडखळताना कार्डाचा वापर किती टक्के आहे ते पाहा. तो साठ-सत्तरवर असेल तर कार्ड रिकामे बसून प्रोसेसरची वाट पाहते आहे. असेटो कोर्सा तर पडद्यावरच प्रोसेसरचा भार ९९ टक्क्यांच्या वर गेल्याचा इशारा देतो.

प्रथम तीन गोष्टी तपासाव्यात, कारण नव्याने जुळवलेल्या संगणकांत त्या हमखास राहून जातात. बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) रॅम पूर्ण वेगाने चालवणारी एक्सएमपी किंवा डीओसीपी ही सोय चालू आहे का? नसेल तर ३२०० वेगाची रॅम कमी वेगाने चालत असते आणि सिम्युलेटरला त्याची झळ लगेच लागते. दोन कांड्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत का? आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटर खरोखर १४४ वर आहे, की ६० वरच राहिला आहे?

त्यानंतर आरशांकडे वळावे. आरशात दिसणारे मागचे जग प्रत्येक चित्रासाठी वेगळे रंगवावे लागते, आणि सुरुवातीला मागे दहा गाड्या असतात तेव्हा ते काम सर्वांत जड असते. आरशांचा दर्जा एक-दोन पायऱ्या खाली आणा. गाडीच्या पत्र्यावर पडणाऱ्या प्रतिबिंबांची वारंवारता कमी करा, सावल्या मध्यम ठेवा, प्रेक्षक आणि दूरची झाडी कमी करा. ठिपक्यांची संख्या किंवा टेक्श्चर कमी करून येथे काही साधणार नाही, कारण ते काम कार्डाचे आहे आणि कार्डाला उसंत आहे. प्रत्येक बदलानंतर रिकाम्या ट्रॅकवर नव्हे, तर वीस गाड्यांत शेवटच्या क्रमांकावरून सुरुवात करून पहिल्या वळणापर्यंत चालवून पाहा. तेथे चित्रे ज्या आकड्याच्या खाली कधीच जात नाहीत, त्याच्या किंचित खाली मर्यादा बांधा. मॉनिटरमध्ये फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग येणाऱ्या चित्रांशी जुळवणारी सोय) असेल तर ते चालू करा. एवढे करूनही सत्तरच्या वर स्थिर राहत नसेल, तर संगणकाने चालवलेल्या गाड्या वीसवरून चौदावर आणा. त्यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही.